होडीला चाकं

भिवंडीत दोनच प्रकारची माणसं राहतात. एक, जे चालतं ते विकणारी. आणि दुसरा, माझा मेहुणा. पहिल्या प्रकारात मी, माझे शेजारी आणि टेमघरपासून अंबाडीपर्यंतचे झाडून सगळे व्यापारी येतात. दुसऱ्या प्रकारात तो एकटाच आहे, आणि तेवढी गर्दी मला पुरते. मी मागाचे सुटे भाग पिशवीत घालून सायकलवरून विकत वर आलेला माणूस. आज माझी स्वतःची गोदामं आहेत. कोणत्याही वस्तूचा पहिला सांगितलेला भाव मी आजवर मान्य केलेला नाही, आणि बायकोचा हा धाकटा भाऊ दुसऱ्यांदा समोर आलेली कोणतीही गोष्ट मान्य करत नाही. अशा दोघांना एका नात्यात बांधून देवाचा काय फायदा झाला, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याला व्हिडिओ गेमचं वेड आहे. लोक गेम खेळून खूश होतात, हा गेम बघून चिडतो. गेमच्या नावापुढे आकडा दिसला की संपलंच. बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात जाऊन तो डबी उलटीसुलटी करतो आणि दुकानदाराला विचारतो, "भाईजान, चौथे पार्ट में इसी आदमी ने, इसी बंदूक से, यही शहर बचाया था ना? फिर पाँचवें में वही शहर वापस खतरे में कैसे?" दुकानदार म्हणतो, "शहर का मुझे नहीं मालूम, भाई. लेना है तो लो, पीछे लाइन है." मग हा मागच्या रांगेकडे वळून तिची समजूत घालू लागतो, की मोठ्या कंपन्या नवीन काही काढायला घाबरतात, एकदा खपलेलंच रंग बदलून गळ्यात मारतात, आणि तुम्ही घेता म्हणून त्यांचं फावतं. रांग पांगते, दुकानदार मला फोन लावतो. "सेठ, आपका साला फिर आया है." मी जाऊन त्याला घेऊन येतो. माझी धाकटी मुलगी झाली तेव्हा हा दवाखान्यात आला आणि पाळण्यात बराच वेळ टक लावून बघत राहिला. मला वाटलं, आता म्हणतो 'भाग दुसरा'. पण म्हणाला, "नाय भावोजी, ही वेगळीच कल्पना हाय." त्या एका वाक्यावर माझी बायको त्याला आजवर सगळं माफ करत आली आहे.

पोटासाठी तो एका कारखान्यात कापडाची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायचा. तिथला सेठ दर हंगामाला एकच सांगायचा, "पिछले साल जो चला वही दो, बस किनार बदल दो." सेठचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. मी सेठच्या जागी असतो तर किनारसुद्धा बदलली नसती. पण एके दिवशी याने सेठला शांतपणे विचारलं, "सेठ, आपके घर रोज वही दाल बनती है क्या?" आणि नोकरी सोडून घरी आला. आता स्वतःचा गेम बनवणार म्हणाला. त्याची बहीण काळजीत पडली. गेम कोणी घेतला तर ठीक, नाहीतर पुन्हा त्याच सेठच्या दारात किनार बदलायला उभं राहायचं, हे घरात सगळ्यांना दिसत होतं.

त्या सुमारास आम्ही वज्रेश्वरीला गेलो होतो. सोबत सासूबाई होत्या. सासूबाई म्हणजे धवलारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई, जिच्या गळ्यातून गाणं निघाल्याशिवाय हळदसुद्धा अंगाला लागत नाही. देवळाखालच्या नारळवाल्याने मला असा काही भाव सांगितला, की मी चप्पल काढता काढता परत घातली. मी म्हणालो, "पाणी तरी हाय का यात?" तो म्हणाला, "कान लावा नि हलवा." पुढचं लांबत गेलं. सासूबाई कंटाळून पायरीवर टेकल्या आणि स्वतःशीच धवले म्हणू लागल्या. हळूहळू बायका जमल्या, एका फुलवालीने हातातली ओवणी थांबवली. मेहुणा मोबाइल हातात धरून त्यांच्यासमोर उकिडवा बसला होता. शेवटी नारळवाला माझ्या भावावर आला, आम्ही दर्शनाला वर गेलो, आणि मी ते विसरून गेलो.

मग गेम तयार झाला. खाडीकाठचं गाव, आणि एका लग्नाचं वऱ्हाड होडीतून ओहोटीच्या आत पलीकडे न्यायचं. बंदूक नाही, शत्रू नाही. पण नातेवाईक आहेत, त्यामुळे शत्रूची उणीव भासत नाही. रुसलेली आत्या एका टोकाला, तिच्याशी न बोलणारा काका दुसऱ्या टोकाला. चुकीच्या माणसाशेजारी चुकीचं माणूस बसवलं की होडी कलते. आणि काठावर एक मिशाळ भावोजी उभा, नावाड्याशी भाड्याची घासाघीस करत. त्याचं समाधान झाल्याशिवाय दोर सुटत नाही. मिशी माझी, चप्पल माझी, कमरेवरचा हातही माझा. मी तिथेच लॅपटॉप मिटला. "मला विचारलंस का?" म्हणून ओरडलो. तो म्हणाला, "तुमच्यासारखा दुसरा कुठं मिळणार, भावोजी?" त्याच्या तोंडी ही स्तुती असते, हे मला ठाऊक होतं. तरी तक्रार ती तक्रार. ती मी आजही सोडलेली नाही.

पण सौदा म्हटला की मला राहवत नाही. ठाण्याच्या एका कंपनीत मीच त्याला घेऊन गेलो. त्यांचा एक ट्रकचा गेम जोरात होता, चार भाग निघालेले. तिथल्या साहेबाने कानाला हेडफोन लावून वऱ्हाड पलीकडे नेलं, हसला, आणि म्हणाला, "कन्सेप्ट मस्त आहे. पण लोक ओळखीचं नाव बघून घेतात. हा आपण ट्रकचा पाचवा भाग करू. होडीच्या जागी ट्रक, खाडीच्या जागी हायवे." मेहुणा म्हणाला, "म्हणजे होडीला चाकं लावायची?" मी त्याचा पाय दाबला आणि कामाला लागलो. दोनदा उठलो, एकदा लिफ्टपर्यंत जाऊन आलेली लिफ्ट सोडून दिली. साहेब स्वतः मला बोलवायला बाहेर आला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात देखणा सौदा. मेहुण्याचं नाव ठळक अक्षरांत, कायमची नोकरी, सगळं कबूल करून घेतलं. तेव्हा मेहुण्याने एकच विचारलं, "आणि होडीतलं आईचं गाणं?" साहेब म्हणाला, "तिथे आपली नेहमीची ट्यून राहील. तीच तर आपली ओळख आहे." मेहुणा म्हणाला, "मग नको." लॅपटॉप उचलला, साहेबाला नमस्कार केला आणि चालू लागला.

परतताना माणकोली नाक्यावर माझा बांध फुटला. गाडी थांबवली, म्हणालो, "उतर." तो निमूट उतरला. पण वाहतूक अशी तुंबलेली की माझी गाडी हलेना, आणि हा खिडकीशेजारून चालतच राहिला. मध्येच पुढे गेला आणि वडापाव घेऊन परत आला. "तुमच्या वड्यात जादा चटणी टाकलीय, भावोजी. तशीच आवडते ना?" रागावलेल्या माणसाशी इतकं वाईट कोणी वागू नये. वडापाव खाल्ला, दार उघडलं.

पुढे त्याने गेम स्वतःच मोबाइलवर टाकला. फार कोणी घेतला नाही. ट्रकचा पाचवा भाग मात्र माझ्याच गोदामातले ड्रायव्हर जेवणाच्या सुट्टीत खेळतात. दिवसभर ट्रक चालवून झाल्यावर विरंगुळा म्हणून ट्रक चालवतात! मेहुणा परत त्याच सेठकडे कामाला जातो. फक्त प्रत्येक किनार नवी काढतो, म्हणून सेठ तक्रार घेऊन माझ्याकडे येतो.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता बोलतात, पण कुजबुजल्यासारख्या. गाणं गेलं. परवा दुपारी माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "जावय, पोराचा त्यो खेल लावा ना." इतके दिवस रागाने मी तो उघडला नव्हता. आत्या, काका बसवले. होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, एक म्हातारी बसली होती, ती गाऊ लागली. तोच आवाज, भरलेला, खणखणीत. आणि त्यामागून, लांबून, कोणीतरी ओरडत होतं, "पाणी तरी हाय का यात?"

मी मेहुण्याला फोन लावला. "माझं भांडण काढून टाकता आलं नाही?"

"काढलं असतं तर गाणं पण तुटलं असतं, भावोजी. तुम्ही भाव करत राहिलात म्हणून आई तेवढी गायली. खेळातपण तसंच ठेवलंय. तुमचा भाव ठरेपर्यंत ओहोटीसुद्धा थांबते. होडी पलीकडे लागली की गाणं संपतं."

मग म्हणालो, "याचा दुसरा भाग काढ. मी पैसे घालतो."

तिकडून हसू ऐकू आलं नाही. "दुसऱ्या भागात गाणार कोण, भावोजी?"

फोन ठेवला. पडद्यावर नावाड्याने आपलं भाडं सांगितलं होतं आणि तो उत्तराची वाट बघत होता. खाली दोन बटणं होती, 'मान्य' आणि 'अजून कमी कर'. सासूबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"येवढ्यात हो म्हणू नका हां, जावय."

मी म्हणत नाही. ती सवयच नाही मला.