परातीत उरलेली स्प्रिंग

लोकांच्या घरी किस्से कसे जमतात ते मला माहीत नाही, आमच्या झरी गावातल्या अंगणात ते पेट्रोलच्या वासाबरोबर जमतात. दर रविवारी लिंबाखाली पोतं अंथरलं जातं, माझी परात बाहेर जाते, कुणाच्या तरी मोटरसायकलचा कार्बोरेटर खोलला जातो आणि दुपारपर्यंत एक नवीन किस्सा तयार. मेकॅनिककडं का नेत नाही हे विचारायचं मी सोडून दिलं. "आपल्या हातानं साफ केलेली गाडी रस्त्यात दगा देत न्हाई," असं आमचे हे म्हणतात. ह्यांची गाडी रस्त्यात किती वेळा बंद पडली ते मी चारचौघांत बोलत नाही.

मंडळी तीनच. एक आमचे हे, पिठाची गिरणी चालवतात. दुसरे बळीरामभाऊ, दिवाळी झाली की बायकोला घेऊन ऊसतोडीला जाणारे. तिसरा शेजारचा मन्मथ. वयानं ह्यांच्यापेक्षा लहान, मला वहिनी म्हणतो, शेती चांगली करतो, आणि तिशी ओलांडून गेली तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. पोरगी बघायला जायचा, चहा पिऊन यायचा, आणि आठवड्यानं नकार यायचा. 

* * *

आधी परातीचं सांगते. कार्बोरेटर म्हणजे मुठीएवढी वस्तू. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजायची, एवढंच त्याचं काम. पण आत जिन्नस किती बारीक! डोळ्याला दिसेल न दिसेल अशा भोकाचे पितळी जेट, पिना, स्प्रिंगा. मातीत पडलं की गेलंच. म्हणून ह्यांनी मला न विचारता परात नेली, काम झाल्यावर धुऊन जागेवर ठेवली, आणि मी त्यातच पीठ मळलं.

त्या दिवशी नेमका माझा भाऊ जेवायला. पहिला घास घेतला आणि चावायचा थांबला.

"ताई, भाकर चुलीवर केली का पंपावर?"

मी ह्यांच्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी ह्यांनीच खिळा घेऊन परातीच्या काठाला भोक पाडलं. तेव्हापासून भोकाची परात पेट्रोलची, बिनभोकाची पिठाची.

* * *

बळीरामभाऊ ऊसतोडीहून परतले की पहिला रविवार त्यांचा. सगळा हंगाम गाडी घरामागं उभी असते. किक मारून मारून माणूस घामाघूम, गाडी हूं का चूं करत नाही.

एका साली खोलला तर खालच्या वाटीत पेट्रोल सुकून गुळाच्या पाकासारखं चिकटलेलं. घासून लख्ख केलं, जेटमधून फुंकर आरपार गेली, परत बसवला. तरी गाडी थंडच. मग मन्मथनं हवेचा पाइप काढून आत बोट घातलं, तर बोटाला माती. कुंभारमाशीनं आत घर बांधलेलं, गोल, गुळगुळीत.

बळीरामभाऊंनी ते तळहातावर घेऊन फिरवून बघितलं. म्हणाले, "आमी उसाच्या पाचटाच्या कोपीत राहिलो अन् हिनं आमच्या गाडीत पक्कं घर बांधलं की."

 मी चहा टाकायला आत गेले.

* * *

कोंबडीचा किस्सा मात्र सगळ्या झरीला माहीत आहे.

बळीरामभाऊंच्याच गाडीचा बारका जेट परातीतून गायब झाला. त्याच वेळी आमच्या दुसऱ्या बाजूच्या शेजारणीची, मुमताजखालांची, कोंबडी परातीपाशी चोच मारून गेली होती. पितळेचा जेट, चमकणारा, ज्वारीच्या दाण्याएवढा. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं.

"कापावी लागंल," बळीरामभाऊ म्हणाले.

खाला भिंतीपलीकडून उठल्याच. "मेरी मुर्गी को हात तो लगाओ. अंडे पे आई हुई है वो."

मन्मथच्या घरी अंडंसुद्धा शिजत नाही, लिंगायत घर. तो मधे पडला. "कुणी कापायची न्हाई. मी बसतो तिच्यामागं. कधी ना कधी टाकंलच की." आणि खरंच बसला. कोंबडी उकिरड्यावर गेली की हा उकिरड्यावर, कोंबडी गोठ्यात की हा गोठ्यात. हातात काडी, प्रत्येक ठिकाणी वाकून तपासणी. जेवायलाही आला नाही. खाला दिवसभर बघत होत्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "इत्ता सबर है इसमें. फिर इस बच्चे को छोकरी कैकू नई मिलती?"

तेवढ्यात बळीरामभाऊंनी घरी जायला म्हणून दुमडलेली पँट खाली सोडली. त्या घडीतून जेट टपकन परातीत पडला.

मन्मथनं हातातली काडी टाकली. कोंबडीला दाणे टाकून घरी गेला.

* * *

एकदा ह्यांनी दोन गाड्या एकदमच खोलल्या. म्हणे एक बघून दुसरं बसवता येतं. ह्यांचा कार्बोरेटर आणि बळीरामभाऊंचा, दोन्ही एकाच परातीत. बसवताना कुणाची सुई कुणाकडं गेली देव जाणे. दुसऱ्या दिवसापासून बळीरामभाऊंची गाडी पेट्रोल पिऊन काळा धूर टाकायला लागली, आणि ह्यांची गाडी चढ आला की म्हाताऱ्यासारखी थांबायची. ती ढकलून आणता आणता ह्यांची कंबर धरली.

कंबर शेकता शेकता मी नियम घालून दिला. एका परातीत एकच कार्बोरेटर. तिघांनी माना डोलावल्या.

* * *

आता आमच्याकडचा एक रिवाज सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारायचं नसतं. काम मोडतं. आणि ह्यांची जीभ अशी, की माणूस दिसला रे दिसला, "कुठं?" मन्मथ पोरगी बघायला निघायचा, कपाळाला विभूती, पायात नवी चप्पल, आणि गिरणीच्या दारातून ह्यांची हाक यायचीच, "कुठं निघालास रं?"

नकार येत गेले. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पोरींच्या बापांना नोकरीवाला पाहिजे. पण मन्मथच्या आईचा, शांताकाकूंचा, राग सगळा ह्यांच्यावर. एक दिवस त्या गिरणीत येऊन पिठाच्या धुरळ्यात उभ्या राहिल्या.

"नामदेव, तोंडात पिठाचा बकाणा भर, पण माझ्या लेकराला कुठं म्हणू नको."

त्या दिवसापासून मन्मथ कुठंही निघाला की आमचं अंगण मुक्याचं. बाजारात निघाला तरी कुणी विचारायचं नाही.

* * *

आणि मग तो रविवार आला.

आदल्या आठवड्यात काकूंनी माझ्याकडं मन्मथच्या शर्टाचं पांढरं कापड शिवायला आणलं होतं. माप दिलं आणि कानाशी येऊन कुजबुजल्या, "चारठाण्याची पोरगी हाय. रविवारी दुपारच्या आत बोलावलंय, तिसऱ्या पहारी दुसरे लोक यायलेत तिला बघायला. जिंतूरला मामा थांबणार हाय, तिथून दोघं मिळून जातेत. कुणाला बोलू नको, नामदेवला तर न्हाईच." मग डोळ्याला पदर लावला. "हे न्हाई जमलं तर मन्मथ म्हणतोय, आता बास. पुन्हा कुणाच्या दारात जाणार न्हाई."

रविवारी सकाळी मन्मथ तोच शर्ट घालून अंगणात आला, गाडी ढकलत. "दादा, जरा बघता का? रेस सोडली की बंद पडायलीय."

ह्यांचा स्वतःचा कार्बोरेटर तेव्हा परातीत उघडा पडलेला. "आण इकडं," हे म्हणाले, "पाच मिनिटांचं काम हाय."

"एका परातीत एकच," मी दारातून ओरडले.

"दुसरी दे मग."

दुसरीत पीठ मळलेलं. मी पीठ काढेपर्यंत ह्यांनी तीच परात वाटून टाकली होती, ह्या बाजूला मन्मथचं, त्या बाजूला स्वतःचं. थोड्या वेळानं ऊन आलं म्हणून बळीरामभाऊंनी परात सावलीत ओढली. सगळं घरंगळत मधे आलं.

 मी बोलावं तर काकूंनी 'बोलू नको' म्हणून बजावलेलं, न बोलावं तर हे आरामात फुंकर मारत बसलेले. ह्यांनी चहा मागितला, मी म्हणाले दूध नासलं. बळीरामभाऊंनी कोंबडीचा किस्सा काढला, मी म्हणाले, "तोंड कमी, हात जास्त चालवा."

"तुला कसली घाई झाली?" हे म्हणाले. "कुठं आग लागली का?"

त्यातला 'कुठं' ऐकून मन्मथनं डोळेच मिटले. भिंतीपलीकडं शांताकाकू उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडं मला बघवेना.

शेवटी मन्मथचा कार्बोरेटर बसला एकदाचा. किक मारली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू. रेस सोडली तरी एका लयीत चालू. शर्टाच्या कफवर पेट्रोलचा डाग पडला होता, मन्मथनं बाही दुमडून तो झाकला आणि गाडीला टांग मारली. कुणी विचारलं नाही. काकूंनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

मग हे स्वतःचा कार्बोरेटर बसवायला बसले. सगळं बसलं, आणि परातीत एक बारीक स्प्रिंग उरली.

"ही कुणाची?" बळीरामभाऊंनी विचारलं.

ह्यांनी ती चिमटीत उचलली आणि स्वतःच्या गाडीकडं वाकून बघितलं. हवेच्या स्क्रूमागं ती स्प्रिंग असते, स्क्रू हलू नये म्हणून. ती नसली की गाडीच्या हादऱ्यानं स्क्रू फिरत फिरत गळून पडतो. ह्यांच्या गाडीची स्प्रिंग जागेवर होती. म्हणजे ही मन्मथची.

आता माझ्यानं राहवेना. "चारठाण्याला गेलाय तो. पोरगी बघायला."

 हे माझ्यावरच तडकले, "आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुमी विचारू नये म्हणून तर सगळं गाव गप हाय," मी म्हणाले.

मन्मथला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, बंद. त्या दिवशी आमच्या घरी केलेली भाकर कुणी खाल्ली नाही. हे अंगणात येरझाऱ्या घालत होते, मुठीत स्प्रिंग. काकूंना आम्ही काही सांगितलं नाही, पण त्या भिंतीपासून हलल्याही नाहीत.

दिवस मावळायच्या सुमाराला मन्मथ आला. एसटी स्टँडकडून, पायी. गाडी नाही. बघितलं आणि मी समजून चुकले. काकूंनी तोंड फिरवलं.

तो तांब्याभर पाणी प्याला आणि पोत्यावर बसला. "जिंतूर सोडलं अन् गाडी बिघडली. मामाला मागं घेऊन रेस धरून धरून त्यांच्या दारापर्यंत नेली. बंद केली ती केलीच."

"मग?" ह्यांनी विचारलं.

"पोहे झाले. नोकरी हाय का विचारलं, मी न्हाई म्हणलं. मामानं खाली बघितलं. उठलो, तर गाडी सुरू होईना. गल्ली जमा झाली. मग मी तिच्या बापाला म्हणलं, एक परात देता का?"

हे मूठ उघडून स्प्रिंगकडं बघायला लागले.

"पोरीनंच आणून दिली. मी तिथं अंगणात खोलला. बघतो तर हवेचा स्क्रूच गायब. मामा लाजून रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मी सगळं होतं तसं बसवलं, परात पुसली, तिच्या हातात दिली. म्हणलं, राखेनं दोनदा घासून घ्या, न्हाईतर भाकरीला वास येतो. ती हसली."

"बरं, मग?" मी विचारलं.

"तिचा बाप म्हणला, गाडी टेम्पोत घालून देतो. तर ती आतून म्हणली, राहू द्या हितंच. न्यायला त्यांना यावंच लागंल की." मन्मथनं मान खाली घातली. "मग बाप फोन घेऊन घरात गेला. कुणाला लावला, माहीत न्हाई. आमची एसटी आली."

* * *

पुढच्या रविवारी मन्मथ गाडी आणायला निघाला. मधल्या दिवसांत चारठाण्याहून काय निरोप आला, आला का नाही आला, ते काकूंनी कुणाला कळू दिलं नव्हतं. मीही विचारलं नाही. ह्यांनी परभणीहून नवा स्क्रू आणला होता. तो आणि ती स्प्रिंग मन्मथच्या रुमालाच्या टोकाला मीच गाठ मारून दिली. आम्ही सगळे स्टँडवर उभे, काकूही. कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

एसटी लागली. मन्मथनं पायरीवर पाय ठेवला, आणि ह्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कुठं निघालास रं?"

बळीरामभाऊंनी ह्यांचं मनगट धरलं. काकूंनी पदर तोंडात धरला. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालून थांबला.

मन्मथ वळला. खिशातली रुमालाची गाठ चाचपली, आणि ह्यांच्याकडं बघून म्हणाला, "सासुरवाडीला."