आंदणाची गाय

माझ्या सासूबाई, लंकाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, लग्नात माहेरून गाय घेऊन आल्या. पेठची, डांगी जातीची. आमच्या ओझरच्या गोठ्यात तिची लेक, मग नात, पणती असं चालत आलं. त्या आंदणाच्या गाईचं पुराण रोज एकदा ऐकावंच लागतं. मी वैतागते, अन् ऐकतेही.

त्या घराण्यातली शेवटची उरली चंद्री. तिच्या उतारवयातल्या शेवटच्या वेताला आम्ही सगळे पेठला होतो, आत्याबाईंची आई वारली म्हणून. गोठ्यासाठी एकटे सासरे मागं राहिले. तेरावं उरकून आलो तर चंद्री एका कालवडीला चाटत उभी. घराण्यात सगळ्या काळ्या-बांड्या, अन् ही लालभडक! नावच लाली पडलं. सासरे म्हणाले, बापावर गेली. आता बाप कुणी पाहिलाय? तो डॉक्टरच्या नळीतून आलेला. विषय मिटला. लालीला दुसरं वर्ष लागलं अन् सासरेही गेले.

यंदा नाशिकहून हर्षाली नावाची संशोधन करणारी मुलगी आली, गाईंच्या शेपटीचे केस घेऊन गेली. चंद्रीच्या रक्तात म्हणे काहीतरी दुर्मीळ सापडलं. पण एकटीत दिसलं तर यंत्राची चूकही असेल. लेकीतही उतरलेलं दिसलं की पक्कं. आत्याबाईंनी लालीचे केस स्वतः उपटून दिले. माझ्या आईची गाय काय चीज होती ते कळंल आता, असं वाटेत भेटेल त्याला सांगत सुटल्या.

हर्षाली परत आली ती चेहरा पाडून. लालीत ते नाही, अन् मुळात ती चंद्रीची लेकच नाही, म्हणाली. आत्याबाई भडकल्या. तुमचं यंत्र भंगारात घाला म्हणाल्या. मीही चार शब्द सुनावले.

शेजारचे हबीबचाचा तिथंच उभे होते. त्यांनी मान खाली घातली अन् सगळं सांगितलं. चंद्रीचं वासरू पोटातच मेलं होतं. त्याच दिवशी चाचांची गाय वेताला दगावली, तिची कालवड मागं राहिली. सासऱ्यांनी ती उचलून आणली, चंद्रीनं चाटून आपलं म्हणावं म्हणून अंगाला गूळ-मीठ चोळून तिच्यापुढं ठेवली. असं आमच्याकडं सगळेच करतात. लपवत मात्र कोणी नाही.

"मंग मला का नाय सांगितलं?" आत्याबाईंनी विचारलं.

"मी म्हटलं होतं वहिनी, सांगून टाका. तर म्हणाले, हबीब, तिची आई आत्ताच गेली. आता आईच्या गाईचा वंश बी संपला, हे कोणत्या तोंडानं सांगू तिला?"

सासरे गेले तेव्हा चारचौघांत टिपूस न काढलेली ही बाई. लालीच्या गळ्यात हात टाकून हमसून हमसून रडली. "मरतानी तरी सांगायचं व्हतं मला," एवढंच म्हणत राहिली.