रस्त्याच्या पडद्यावरची तीट

गाडीला फसवायचा पगार मिळतो मला. पाव्हण्यारावळ्यांत कुणी "काय करतीस गं?" विचारलं की मी हेच सांगते, आणि आई घाईघाईनं "इंजिनियर हाय ती" म्हणून सावरून घेते.

ड्रायव्हरशिवाय चालणारी गाडी आमची कंपनी बनवतेय. ती कॅमेऱ्यांनी रस्ता बघते आणि आडवं काही आलं की थांबते. समोर खरंच काही असलं तर थांबण्यात काय मोठेपणा, ते बैलालाही कळतं. माझं काम त्यापुढचं. फसव्या वस्तू वाटेत ठेवायच्या आणि गाडी काय करते ते टिपून घ्यायचं. गडमुडशिंगीच्या बाजूला एका बंद कारखान्याच्या आवारात सरळसोट रस्ता आहे. तिथं मी पुठ्ठ्याच्या म्हशी उभ्या केल्या, बुजगावण्याला आईची जुनी साडी नेसवली. गाडी सगळ्यांपुढं शहाण्यासारखी थांबली. उरली शेवटची परीक्षा: रस्त्यावर रस्त्याचंच चित्र आडवं टांगायचं. गाडीनं ते चित्र आहे हे ओळखून थांबायचं.

आम्ही आधी फोटो छापून फ्लेक्स टांगलं. ते उन्हात असं चकाकलं की गाडीच काय, आमचे साहेबही लांबून ओळखतील. साहेब पुण्याचे. ते म्हणाले, "न चमकणारं काही मिळेल का इथे?"

"मिळंल की, सर. आज सांजच्याला घरात विचारतो," मी म्हणाले. आमच्याकडं बायकाही बोलताना 'मी आलो, मी विचारतो' म्हणतात. साहेबांना अजून त्याची सवय झालेली नाही, ते दर वेळी मागं वळून बघतात.

घरात विचारायचं ते अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना. अण्णा नाटकाचे पडदे रंगवायचे. जत्रेतल्या नाटकांना राजवाडा, जंगल आणि रस्ता हे तीन पडदे लागायचेच, आणि अण्णांचा रस्ता राधानगरीपर्यंत नावाजलेला. पुढं नाटकंही कमी झाली आणि फ्लेक्सनं उरलंसुरलं काम नेलं. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाल्यापासून तर ते साधी दुकानाची पाटीही घेत नव्हते. हात आहे, नजरेचा भरवसा नाही, असं म्हणायचे. मला ते ऐकवायचं नाही, म्हणून मी चिडायचे.

त्यांना सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "गाडीचं डोळं कुठं असत्यात?"

दुसऱ्या दिवशी ते जागेवर आले आणि गाडीच्या कॅमेऱ्याच्या उंचीवर डोकं धरून, गुडघ्यावर बसून रस्ता बघत राहिले. आमच्या टीमला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. मग उठून म्हणाले, "अकरा वाजताची सावली धरतो. गाडी अकरालाच सोडायची. आणि ही फसली न्हाय, तर मी ब्रश ठेवला. कायमचा."

मी हसण्यावारी नेलं. अण्णांनी नेलं नव्हतं.

कारखान्याच्या रिकाम्या शेडमध्ये मांजरपाटाचं कापड पसरून, रंगात घालायचा सरस शिजवून, त्यांनी आठ दिवस काम केलं. मी जेवणाचा डबा घेऊन गेले की मला उभं करून विचारायचे, "बाभळ जवळ आली का गं?" "लाइटीचा डांब वाकडा दिसतोय का?" मी काही बोलायच्या आत स्वतःच "थांब, कळलं" म्हणायचे. इतके खूश मी त्यांना कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते. माझी मात्र पंचाईत. गाडी थांबावी म्हणून आम्ही कितीतरी महिने राबलो होतो, आणि गाडी थांबली की अण्णा हरणार होते.

अकरा वाजता पडदा टांगला. मी लांबून पाहिलं आणि क्षणभर मला पडदा दिसेचना. तोच रस्ता, तीच बाभळ, पलीकडं तोच ऊस. खबरदारी म्हणून गाडीत एकजण ब्रेकवर पाय ठेवून बसला होता. गाडी निघाली, सरळ आली, आणि पडद्यापासून दहा-बारा हातांवर आपोआप गच्चकन थांबली.

टीमनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सवयीनं. वळून पाहिलं तर अण्णा ब्रश गोळा करत होते.

"नजर गेली बघ माझी," ते म्हणाले.

घरी येताना ते स्कूटरवर मागं ब्रश मांडीवर धरून बसले. नाक्यावर चहासाठी थांबवलं तर नको म्हणाले. घरी त्यांनी ब्रश तसेच, सरस आणि रंगासकट, डब्यात उभे केले. उभ्या जन्मात या माणसानं ब्रश न धुता ठेवलेला मी पाहिला नव्हता. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीचं रेकॉर्डिंग लावलं. गाडीला जे काही दिसतं त्याभोवती ती पिवळी चौकट काढते आणि नाव देते. मला वाटलं होतं, चौकट पडद्याभोवती असेल. पडद्याभोवती काहीच नव्हतं. चौकट होती खाली, रस्त्याच्या कडेला, गवतापाशी. नाव होतं: लहान प्राणी.

तिथं बशीएवढा काळा ठिपका होता. अण्णांची तीट.

काम संपलं की त्याला दृष्ट लागू नये म्हणून अण्णा कोपऱ्यात काजळीचा ठिपका देतात. राजवाड्यावर दिला, जंगलावर दिला, दुकानांच्या पाट्यांवर दिला. मी जन्मापासून तो बघत आले, म्हणूनच मला तो दिसला नाही. आणि कोऱ्या डोळ्यांच्या त्या गाडीला फक्त तोच दिसला होता!

खरं सांगते, दोन मिनिटं वाटलं की गप्प बसावं. गाडी पास झालेली, साहेब खूश, आम्हीही सुटलो. पण हाच पडदा तीट नसताना समोर आला असता तर? आणि घरी ते ब्रश डब्यात वाळत होते. मी आधी साहेबांना दाखवलं. त्यांचं तोंड उतरलं, पण माणूस सरळ, म्हणाले, "पुन्हा घेऊ. ठिपका काढून." मग मी स्कूटर पिटाळत घरी गेले.

"अण्णा, गाडी तुमच्या रस्त्याला थांबली न्हाय. तिटंला थांबली!"

त्यांना तीनदा सांगावं लागलं. मग त्यांचे डोळे चमकले, पण तीट पुसायची म्हटल्यावर लगेच अडून बसले. "बिनतिटंचं काम बाहेर काढू? पोर हाय व्हय ते, उघडंच रस्त्यावर सोडायला?"

"तुमची नजर शाबूत हाय का न्हाय, बघायचंय का न्हाय?" मी ओरडलेच.

शेवटी ते ब्रशांचा डबा घेऊन शेडवर आले, त्यातला एक कसाबसा मऊ केला आणि स्वतःच्या हातानं ठिपक्यावर गवत रंगवलं. अकरा वाजता गाडी निघाली. आली, जराही न कचरता आली, आणि पडदा टर्रकन फाडून पलीकडं गेली. आठ दिवसांचं काम दोन तुकडे होऊन जमिनीवर पडलं.

"थांबली न्हाय की गं!" अण्णांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. मग एकाएकी ते गंभीर झाले. "पडद्यामागं कोण असतं म्हंजे?"

"म्हणूनच तर करतोय हे, अण्णा."

"मग शिकवा तिला नीट. लागतील तेवढं पडदं मी देतो."

साहेब येऊन त्यांच्या पाया पडले. टीममध्ये सगळ्यांची तोंडं कडू, आता पुन्हा कितीतरी महिने काम. आणि मी नापास होऊन वेड्यासारखी हसत होते. अण्णा शेडमध्ये गेले आणि बादलीत पाणी घेऊन डब्यातले बाकीचे ताठलेले ब्रश भिजवत बसले. एकेक केस सुटा करत होते. मी शेजारी जाऊन बसले, तर त्यांनी काजळीच्या वाटीत बोट बुडवून ते माझ्या कानामागं टेकवलं.

"अण्णा, पस्तीस वर्षांची हाय मी."

"चित्राला लावायची ऱ्हायली. कुणाला तरी लावाय पायजे."

मी ती पुसली नाही. दुपारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलंच, "कानामागे काय लागलंय तुमच्या?"

"लहान प्राणी हाय, सर," मी म्हणाले.