तिने पाहिलेलं अस्वल

"घंटा ऐकून देव येतो आणि अस्वल जातं, काका," असं म्हणत ती देवघरातली पितळी घंटा सॅकच्या पट्ट्याला बांधायची. अस्वलांसाठी म्हणून इथल्या दुकानांत मिळणारी छोटी घंटी तिला पसंत नव्हती. "त्या आवाजाने मांजरसुद्धा वळून बघणार नाही."

टोकियोत, ओजिमातल्या आमच्या इमारतीत ती खालच्या मजल्यावर राहायची. एरवी कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, काम, आणि सुटीच्या रविवारी आम्हा मराठी मंडळींना डोंगरावरच्या एखाद्या तळ्याकडे न्यायचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिला पाहिलं आहे. स्टेशनच्या गेटपाशी उभी राहून ती आधी प्रत्येकाच्या पायांकडे बघायची, चेहऱ्याकडे नंतर. "दादा, हे बूट ऑफिसात शोभतात. डोंगरावरून तुमच्या आधी तेच खाली येतील." ते दादा खरोखर घसरले, तेव्हा मात्र ती हसली नाही. स्वतःची काठी त्यांना देऊन टाकली. कोणी दमलं, पाऊस आला, की तिचं ठरलेलं असे: "फिरा मागे. तळं कुठे पळून जात नाही."

मला एका दिवसाबद्दल लिहायचं आहे. त्याबद्दल तुम्ही चुकीचं बोलत आलात आणि ते मी चालू दिलं.

रानात, खूप उंचावर असलेल्या त्या तळ्याकडे आपण निघालो होतो. कावासाकीहून, उरायासूहून मंडळी पहाटेच्या गाडीने आली होती. डब्यांत तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. माझा गुडघा आधीपासून दुखत होता, पण मी घरीही बोललो नव्हतो. "या वयातही काका सगळ्यांच्या पुढे" हे ऐकायची मला चटक लागली होती. निम्म्या चढावर पाऊल उचलेना. ती मागे आली.

"काका, दुखतंय ना?"

"कोणाला सांगू नकोस."

ती वळणापलीकडे गेली आणि तिथून ओरडली, "थांबा! पुढे अस्वल आहे. फिरा मागे."

"केवढं होतं, वहिनी?" रांगेतून कोणीतरी विचारलं.

"माप घ्यायला थांबले नाही, भाऊजी."

उतरताना तिने घंटा माझ्या सॅकला बांधली. "मोठ्या माणसाने पुढे चालायचं. काकांना कोणी ओलांडायचं नाही." सगळी रांग माझ्या गुडघ्याच्या वेगाने खाली आली, आणि कोणाला काही कळलं नाही.

बसथांब्यावर तळं पाहून आलेली जपानी माणसं भेटली. त्यांना वाटेत अस्वल दिसलं नव्हतं. "वहिनींनाच दम लागला असेल," कोणीतरी म्हणालं, आणि ती अस्वलवाली वहिनी झाली. गणपतीत ती प्रसाद वाटायला उठली, तर एकाने आरतीची घंटा वाजवून "पळा!" केलं. सगळे हसले. मीही हसलो. तिने माझ्या हातावर मोदक ठेवला.

पुढे तिच्या सहलींना कोणी येईना. नवऱ्याचं इथलं काम संपलं, ती पुण्याला गेली. घंटा मला देऊन गेली. "पुण्यात अस्वलं नाहीत, काका."

अस्वल त्या दिवशी तिथेही नव्हतं. माझा गुडघा होता.

हे लिहिणार, असं तिला फोनवर सांगितलं. "जाऊ द्या हो. अस्वल काय अब्रूनुकसानीचा दावा ठोकणार आहे?"

"अब्रू अस्वलाची नाही, तुझी गेली."

मग म्हणाली, "गुडघा कसा आहे?"

बरा आहे. लिफ्ट सोडली आहे, रोज जिना चढतो. पानं पिवळी पडली की मी त्या तळ्याला जाणार आहे. जे तिला हसले, त्यांनी तरी यावंच. घंटा माझ्या पाठीवर असेल. मी पुढे चालेन, मला कोणी ओलांडायचं नाही. आणि गुडघा दुखला तर या वेळी मीच सांगेन, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग सगळ्यांनी मागे फिरायचं. तळं कुठे पळून जात नाही.