म्हशीचा भाव आणि लेकीचा रिपोर्ट

घोडेगावच्या बाजारात म्हशीचा भाव तोंडानं फुटत नाही. घेणारा अन् हेड्या, म्हणजे जनावरांचा दलाल, रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबतात, अन् सौदा दोघांतच राहतो. गनीभाई हेड्यांनी उभी हयात त्या रुमालात काढली. एकाचा भाव दुसऱ्याला कधी सांगितला नाही, सख्ख्या भावालासुद्धा. कुणी खोदून विचारलं तर खेकसायचे, "तुला काय करायच्यात रं नसत्या चौकशा?"

असा माणूस, पण मोबाईल हातात आला अन् अक्कल गहाण पडली म्हणा ना!

त्यांच्या लेकीला, मुबश्शिराला, लहानपणी फिट यायच्या. गोळ्यांनी त्या थांबल्या. आता नेवाशाच्या मुजफ्फरशी लग्न ठरत आलं होतं. "आजाराचं त्याला मीच सांगणार," असं पोरीनं घरात बजावलं होतं. तेवढ्यात नगरच्या डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला. गनीभाईंनी तो छापायला हर्षलच्या झेरॉक्स दुकानाच्या नंबरावर धाडला. मेसेजला कुलूप असतं, तिसऱ्याला दिसत नाही, हे त्यांनी ऐकलं होतं. अहो, पण ते कुलूप उघडतं हर्षलच्या कॉम्प्युटरवर, अन् तो दिवसभर गिऱ्हाइकांपुढं उघडाच!

आठवड्याच्या आत नेवाशाहून फोन आला. "आजारी पोरगी आमच्या गळ्यात मारता व्हय?" सोयरीक मोडली.

गनीभाई तणतणत दुकानात शिरले. हर्षलला लाज ना शरम. "चाचा, मुजफ्फरच्या मामाला मीच पाठवला रिपोर्ट. वळखीचा हाय आपल्या. लपवून काय उपेग?"

"तुझ्या बापाचा हुता का रिपोर्ट?" गनीभाई कडाडले. स्क्रीनवर अख्ख्या गावाची आधार कार्डं, पासबुकं पडलेली. त्यांनी खांद्यावरचा रुमाल ओढला अन् स्क्रीनवर टाकला. "आधी झाक! अन् माझ्या पोरीचं समदं पुसून टाक, माझ्यासमोर!"

हर्षलनं निमूट पुसलं. पण नेवाशाच्या मोबाईलांतलं कोण पुसणार?

घरी येऊनही त्यांच्या शिव्या थांबेनात. मुबश्शिरानं त्यांना मधेच तोडलं.

"त्याला नंतर शिव्या घाला, अब्बा. पाठवायच्या आधी मला विचारलं का तुमी? परक्याच्या म्हशीचा भाव जन्मभर झाकलात. माझंच दुखनं उघड्यावर टाकलंत."

गनीभाईंचा हात सवयीनं खांद्यावर गेला. रुमाल दुकानातच राहिला होता.