सिस्टर, मुलीबद्दल विचारायचं होतं

नातेवाईक सिस्टरला ‘चौकशी खिडकी’ म्हणत. नाव मामाने ठेवलं होतं, आणि मामाने ठेवलेलं नाव माणसाला जन्मभर चिकटतं. कुणाचं पोट गुडगुडलं, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या पोराने खडू खाल्ला, की फोन सरळ तिला. घरात चार माणसं जमली की एकेक जण तिला बाजूला घेऊन जीभ दाखवायचा. मामा तर भर पंगतीत पाय वर घेऊन टाच पुढे करायचा आणि मामी कपाळाला हात लावायची. सिस्टर मात्र ताट बाजूला सारून नीट टाच बघायची, भेगांना काय लावायचं ते सांगायची, आणि मग हात धुऊन पुन्हा जेवायला बसायची. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर ती त्या माणसाचा रक्तदाब विचारायची. विषय तिथेच मिटायचा.

तिची नोकरीही तीच होती. एका मोठ्या दवाखान्याने घरोघरच्या लोकांसाठी सल्ल्याचा फोन सुरू केला होता. तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, न उघडणाऱ्या खिडक्या, भिंतींना आवाज गिळणारं राखाडी कापड आणि ओळीने टेबलं. दोन टेबलांमध्ये एक आडोसा, एवढाच की शेजारणीचा अंबाडा दिसावा आणि तोंड दिसू नये. कानाला हेडफोन लावून नर्स दिवसभर बसायच्या, आणि सगळं गाव त्यांच्या कानात खोकायचं. बाळाची उचकी थांबत नाही. मुलाने नाकात वाटाणा घातलाय आणि आता दुसऱ्या नाकपुडीतही घालीन म्हणून धमकी देतोय. सासूबाई गोळी घेतली म्हणतात, पण गोळ्या गादीखाली सापडतात. फोन कुणाचा आहे ते नर्सना दिसत नसे. लोकांना मोकळेपणी बोलता यावं म्हणून तशी व्यवस्था मुद्दामच केलेली होती.

या कामाची एक रीत होती आणि सिस्टर त्या रीतीत मुरली होती. ‘काय होतंय?’ असं आधी कधीच विचारायचं नाही. तसं विचारलं की माणूस आजोबांच्या दम्यापासून सुरुवात करतो. आधी विचारायचं ते सगळ्यात वाईट. श्वास, मग शुद्ध, मग छाती, मग रक्त. या सगळ्यांवर ‘नाही’ आलं की खुर्चीला टेकायचं आणि मग खुशाल आजोबांचा दमा ऐकायचा. दुसरी गोष्ट आवाजाची. घरात सिस्टरचा आवाज भांड्यांच्या वरताण असे. फोनवर ती असा काही खालचा, संथ आवाज लावायची की रडणाऱ्या बाया मध्येच रडायच्या थांबून तिचं ऐकत बसायच्या.

आई गेली तेव्हा ती याच खुर्चीत होती.

काही दिवस आई ‘थकल्यासारखं वाटतं’ म्हणत होती. सिस्टर रोज संध्याकाळी निघायच्या आधी तिला फोन करायची. दम लागतो? “छे.” चक्कर? “नाही गं.” छातीत दुखतं, जड वाटतं? “काहीतरीच तुझं.” मग काय होतंय? “वय होतंय.” सगळी उत्तरं जिथे हवीत तिथे होती. सिस्टरने पाणी प्यायला सांगितलं, लवकर झोपायला सांगितलं, पुढच्या आठवड्यात रक्त तपासून घेऊ असं ठरवलं. तो आठवडा उजाडलाच नाही. आई स्वयंपाकघरात स्टुलावर टेकली ती टेकलीच. डॉक्टर म्हणाले, हृदय बऱ्याच दिवसांपासून कुरकुरत असणार, घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का? प्रश्न साधा होता. सिस्टरने त्यांना, आईने फोनवर दिलेली उत्तरं एकेक करून सांगितली, क्रमाने, अजिबात न अडखळता.

त्यानंतर तिला काही वाटेनासं झालं. हे अगदी शब्दशः घ्यावं. वाईट वाटत नव्हतं, बरं वाटत नव्हतं, भूक लागत नव्हती आणि जेवण जातही होतं. मामी गळ्यात पडून धाय मोकलून रडली, तेव्हा सिस्टर तिची पाठ थोपटत राहिली आणि थोड्या वेळाने तिला पाणी पी म्हणाली. आईचं कपाट तिनेच आवरलं. चष्मा कापडाने पुसला, डबीत ठेवला, डबी खणात ठेवली. लोक म्हणाले, पोरगी मोठी खंबीर. लोकांना दुसरं काय म्हणता येणार! तिलाही तसंच वाटू लागलं होतं. एकदा तिने बोट सुरीने कापून घेतलं आणि रक्त बघत उभी राहिली. दुखतंय हे तिला माहीत होतं, एवढंच.

घरात आता ती आणि बाबा. बाबा शिवणकामाचे मास्तर होते. डोळे अधू झाल्यावर दुकान बंद केलं. बोलण्याचं खातं आईकडे होतं, त्यामुळे आता घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. रोज घरी आल्यावर सिस्टर पर्स न ठेवताच विचारायची, “गोळी घेतली? झोप झाली? पोट साफ?” बाबा म्हणायचे, “हो. हो. हो.” मग दोघं आपापल्या खोलीत जायची. बापलेकीचा दिवसभराचा संवाद एवढाच.

त्या दिवशी सकाळी तिने बाबांना सांगितलं होतं की आज ट्रेनिंग आहे, दिवसभर फोनवर नसेन, काही लागलं तर मामाला सांगा. तिथे गेल्यावर कळलं, शिकवणाऱ्या बाईच आजारी पडल्या आहेत. ट्रेनिंग रद्द. सिस्टर नेहमीच्या टेबलाशी जाऊन बसली. दुपारी जेवण झाल्यावर पहिला फोन आला.

“आरोग्य सल्ला. सिस्टर बोलतेय.”

पलीकडून आधी खोकला आला, मग घसा साफ केला गेला, मग एक लांब “हं.” हा खोकला ती जन्मल्यापासून ऐकत होती.

“सिस्टर, मुलीबद्दल विचारायचं होतं.”

तिने तोंड उघडलं ते ‘बाबा’ म्हणायला. पण तोंडाला इतक्या वर्षांचं वळण पडलेलं. “श्वास व्यवस्थित घेतेय मुलगी?”

“घेतेय की.”

“शुद्धीत आहे?”

“म्हणजे... हो. कामावर गेलीय.”

बाबांना फोनवर सगळे आवाज सारखेच ऐकू येत आणि हा आवाज तर त्यांनी घरात कधी ऐकलाच नव्हता. ते तिला ‘सिस्टर’ म्हणत होते. आता सांगून टाकावं हे तिला कळत होतं, पण घाई वाटत नव्हती. आतून काही ढकलतच नव्हतं.

“वय किती मुलीचं?”

“चाळिशी उलटली.”

“म्हणजे मोठी आहे.”

“तुम्हाला मोठी, सिस्टर. तिची आई गेली हो. तेव्हापासून ही रडलेली नाही. डोळ्यांत टिपूस नाही. असं चालतं का?”

“जेवते?”

“जेवते. ओट्याशी उभी राहून. टेबलाशी बसली तर समोर आईची खुर्ची येते ना.”

हे सिस्टरला माहीत नव्हतं. आपल्याला बसायला वेळ नसतो अशी तिची समजूत होती.

“झोप?”

“दिवा मालवते. झोपते की नाही, देव जाणे. पलंग करकरत नाही. झोपलेलं माणूस कूस तरी बदलेल की नाही?”

शेजारच्या आडोशामागे कुणीतरी एका आईला ताप मोजायला सांगत होतं. सिस्टरने जे सांगायचं ते सांगितलं. दुःख बाहेर यायला कुणाला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. रडलं नाही म्हणजे दुःख नाही असं नसतं. जबरदस्ती करू नका, पण एकटं सोडू नका. फार दिवस असंच राहिलं तर आमच्याकडे याच्यासाठी वेगळे डॉक्टर आहेत. सगळं बरोबर होतं, खालच्या संथ आवाजात होतं, आणि तिला ते दुसऱ्याच कुणाच्या मुलीबद्दल वाटत होतं.

“तुम्ही सरळ विचारा ना तिला,” शेवटी ती म्हणाली.

“विचारलं. म्हणाली, मी बरी आहे. तिची आईसुद्धा असंच म्हणायची.” बाबा कुजबुजले. “सिस्टर, एक बोलू? तिच्या कानावर जाणार नाही ना? ती तुमच्यातच कामाला आहे. आज ट्रेनिंगला गेलीय म्हणून फोन केला.”

“इथलं बाहेर जात नाही,” सिस्टर म्हणाली. नियमच होता तसा.

“तिची आई जिना चढताना मध्येच बसायची. पायरीवर. मी म्हणायचो, पोरीला सांग. तर म्हणायची, तिला काय सांगायचं ते मला पाठ आहे. रोज पोरीचा फोन यायचा, रोज तेच प्रश्न, त्याच क्रमाने. दमाला ‘हो’ म्हटलं तर काम टाकून पळत येईल. छातीला ‘हो’ म्हटलं तर दारात ॲम्ब्युलन्स उभी करेल. ‘नाही, नाही’ म्हणत गेलं की पटकन सुटते बिचारी, दिवसभर बोलून बोलून तिचा घसा बसलेला असतो. असं म्हणायची. फोनवर ‘छे’ म्हणताना माझ्याकडे बघून डोळा मारायची.” बाबांचा आवाज बारीक झाला. “आणि मी हसायचो, सिस्टर. मला गंमत वाटायची.”

डोळा मारायची! ती इथे जीव तोडून विचारत होती, आणि तिकडे ही बाई डोळा मारत होती, आणि हा माणूस हसत होता! इतके दिवस आत जिथे काही नव्हतं तिथे एकदम राग उसळला, तोही असा की टेबलावरचं सगळं उचलून भिरकावून द्यावं. तिला आईचा राग आला, बाबांचा आला, आणि आपल्या त्या हुशार, क्रमवार प्रश्नांचा तर इतका आला की कानातला हेडफोन चटके देऊ लागला.

“बाबा!”

हा घरचा आवाज होता. ओळीतले सगळे अंबाडे वळले.

पलीकडे पुन्हा तोच खोकला आला. मग बाबा म्हणाले, “तू आहेस होय.”

“ट्रेनिंग रद्द झालं.”

“अच्छा. मग दुसऱ्या सिस्टरना जोडून देतेस का? मला त्यांच्याशी बोलायचं होतं. तुला कसं सांगू मी हे?”

जोडून देणं सोपं होतं. एक बटण दाबायचं. घरच्या माणसाचा फोन आपण घ्यायचा नाही, शेजारणीकडे द्यायचा, असाच शिरस्ता होता. सिस्टरने बटणावर बोट ठेवलंसुद्धा. दाबलं असतं तर बाबा एका परक्या बाईपाशी मन मोकळं करून बसले असते, आणि ती संध्याकाळी घरी जाऊन गोळी घेतली का विचारणार होती. तिने बोट काढून घेतलं.

“दुसऱ्या सिस्टरना आई माहीत नाही,” ती म्हणाली. “फसवलं तुम्ही मला. दोघांनी.”

“हो. दोघांनी.”

“मी रोज विचारत होते, बाबा!”

“विचारत होतीस.”

“मला राग आलाय. खूप राग आलाय.”

“येऊ दे. मलाही येतो. मी कुणावर काढू?”

तिच्या डोक्यात विचारायचं असं एकच येत होतं, आजवर कुणाला न विचारलेलं.

“कसा मारायची डोळा?”

“तसा मारता येत नव्हता तिला. एक मिटायला गेली की दोन्ही मिटायचे. तोंड पण वाकडं व्हायचं. आणि तिला वाटायचं, जमलं.”

सिस्टरला ते तोंड दिसलं. तिला हसू आलं, मोठ्याने आलं, आणि ते हसू मध्येच फुटलं. ती टेबलावर वाकली आणि रडू लागली, भांड्यांच्या वरताण, घरच्या आवाजात, नाक पुसायचंही भान न ठेवता. पलीकडे बाबाही रडत होते. त्यांनी फोन काही ठेवला नाही. आडोशामागच्या नर्सला आपल्या फोनवरच्या आईला सांगावं लागलं की ताई, जरा मोठ्याने बोला, इथे नीट ऐकू येत नाहीये.