चांगुणामावशीचा पेशंट

मला आयुष्यात सगळ्यात भारी आंघोळ घातलीय ती चांगुणामावशीने. आणि तेव्हा मी आजारी नव्हते, लहानही नव्हते. चांगली एकोणीस वर्षांची होते, धडधाकट होते आणि पगार घेऊन कॉटवर आडवी पडले होते. थांबा, नीट सांगते.

नवघरला एका हॉलच्या वरच्या मजल्यावर बायकांसाठी तीन महिन्यांचा फुकट कोर्स चालायचा. आजारी माणसाला घरी कसं सांभाळायचं त्याचा. कूस बदलणं, स्पंज देणं, भरवणं, माणूस न उठवता खालची चादर बदलणं, असलं सगळं. कोर्स झाला की संस्था बायकांना बारा तासांची ड्युटी मिळवून द्यायची. मी बारावी करून घरात टीव्ही बघत बसलेली, म्हणून आईने ओळख काढून मला तिथे चिकटवलं. हजेरी घ्यायची, फॉर्म भरायचे, फोन उचलायचा, एवढंच काम. पण प्रॅक्टिससाठी जो रबरी पुतळा येणार होता तो आलाच नाही. काशीमीऱ्याहून टेम्पोने लोखंडी कॉट आली, गादी आली, पुतळा नाही. शिकवायला टिपणीस मॅडम होत्या, मोठ्या हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या सिस्टर, एकदम कडक. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, चप्पल काढ आणि झोप. त्या दिवसापासून मी पेशंट.

तर बॅचमधल्या बायका मला स्पंज द्यायच्या म्हणजे काय, तर कोरडं फडकं ड्रेसवरून फिरवायच्या आणि आपसात गप्पा मारायच्या. काल कुठली भाजी केली, कोणाच्या नणंदेचं काय झालं. मी मध्ये सपाट पडलेली, पंख्याकडे बघत. चौथ्या दिवशी चांगुणामावशीचा नंबर आला. पंचावन्न-साठची काळी, काटक बाई. लुगड्यावर संस्थेचा पांढरा कोट घातलेला, त्यामुळे ती अर्धी डॉक्टर आणि अर्धी मासळीवाली दिसायची. (मासळीवाली ती होतीच. गोडदेवला घरच्या ओट्यावर सुकी मासळी विकायची.) ती आधी खाली गेली, चहावाल्याकडून गरम पाणी घेऊन आली, कोपर बुडवून बघितलं आणि माझा हात हातात घेतला. "पानी जास्त गरम न्हाय ना गो? आता हात पुसते हां. आता बोटां. आता मान, डोलं मिट." दर वेळी आधी सांगायची आणि मग करायची. बोटांच्या मधून, कानामागून, टाचांच्या भेगांतून, सगळीकडून. शबाना नावाची आमची एक बॅचवाली हसून हसून खाली बसली. "मावशी, ये तो नाटक है, सच में मत नहलाओ उसको." मावशीने वरही बघितलं नाही. म्हणाली, "खोटा हात फिरवला तं हाताला काय कलंल?"

मी झोपले. खरंच झोपले, घोरलेसुद्धा म्हणे. मॅडमनी बॅचला सांगितलं, बघा, पेशंटला असं वाटलं पाहिजे.

मावशीच्या सासरचे पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर. आता मिठागरं गेली, पण तिच्या डोक्यातून काही गेली नव्हती. कुठलीही गोष्ट शिकवा, ती मिठात घालून बघायची. मॅडम सांगत होत्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला बेडसोअर म्हणजे जखमा होतात. बायका वहीत लिहीत होत्या. मावशीला लिहिता येत नव्हतं. ती म्हणाली, "मीठ नि मानूस सारखाच. एका जाग्यावर ऱ्हायला का खाली धरतो. फली फिरवत ऱ्हावं लागते." मिठागरात लाकडी फळीने मीठ सारखं हलवतात म्हणे, नाहीतर तळाला थर बसतो. मॅडमना ते इतकं आवडलं की पुढच्या प्रत्येक बॅचला त्यांनी ते ऐकवलं. स्वतःचंच असल्यासारखं.

प्रश्नही मावशीच जास्त विचारायची, आणि कसले? घास उजव्या गालात तसाच राहत असंल तर काय करावं. टाच लाल झाली पण फुटली नाही, तर काय. मॅडमना वाटायचं, केवढी अभ्यासू बाई.

पण चहाच्या सुट्टीत ही अभ्यासू बाई गायब व्हायची. दहा मिनिटांची सुट्टी, मावशी पंचवीस मिनिटांनी उगवायची, घामाघूम, धापा टाकत. बॅचमध्ये चर्चा सुरू झाली की ही मध्येच जाऊन बोंबील विकून येते. शेवटी मॅडमनी मला पाठवलं, जा, बघून ये काय भानगड आहे.

मार्चचं ऊन. मावशी पुढे जवळजवळ पळतेय आणि मी मागे दुपट्टा डोक्यावर घेऊन. गोडदेवला दोन्हीकडे बिल्डिंगा, बिल्डिंगा, आणि मध्येच वळलं की एकदम बैठी घरं सुरू होतात. त्यातल्या एकात ती शिरली. मी दारात पोचले तेव्हा ती वाकून एका माणसाला कुशीवर वळवत होती. नुसत्या हाडांचा माणूस, उजवा हात दोरीसारखा लोंबणारा. तिचा नवरा. मला बघून ती दचकली नाही, रागावली नाही. एवढंच म्हणाली, आलीस तं हात लाव, उशी दे मागून. मी उशी दिली आणि त्याची पाठ बघितली. कंबरेखाली मधोमध वाटीएवढी जखम. मी तोंड फिरवलं. आणि मी म्हणे पेशंट.

आता प्रॉब्लेम असा होता की कोर्सच्या फॉर्मवर एक अट होती. घरी अंथरुणाला खिळलेलं कोणी नसावं. कारण आधीच्या बायका ड्युटी अर्धवट सोडून घरी पळायच्या आणि संस्थेचं नाव खराब व्हायचं. मावशीने घरी कोणी नाही म्हणून सांगितलं होतं, आणि तो फॉर्म भरला होता मी, माझ्या अक्षरात.

ती उंबऱ्यावर बसून पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "पोरी, ही जखम भरली तं ह्यो बसंल. तीन वर्सां झाली, आढं बघत पडलाय. न्हाय भरली तं पावसाल्यात सडंल. मी सासऱ्याचा बघितलाय." मग म्हणाली, "मॅडमना सांगू नको. माजा नाव काढतील. अजून उचलून बसवायचा शिकवला न्हाय त्यांनी."

मी परत जाऊन मॅडमना सांगितलं की मावशीला पित्ताचा त्रास आहे, डॉक्टरने दुपारी चालायला सांगितलंय. आणि दुसऱ्या दिवसापासून चहानंतर पुन्हा एकदा हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकेकीचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं सावकाश. मॅडमनी विचारलं हे काय नवीन, मी म्हटलं, संस्थेतून आलंय. मावशीचं नाव सगळ्यात शेवटी. तोपर्यंत ती जिन्यात पोचलेली असायची.

मग आमचं एक गुपित सुरू झालं. दर सोमवारी स्पंज देताना ती माझ्या कानात सांगायची. आधी म्हणाली, वाटीच हाय. मग, मोठा लिंबू. मग, लिंबू. एका सोमवारी काहीच बोलली नाही आणि माझा हात जरा जोरातच पुसला. मला कळलं, वाढली असणार. पण मग पुन्हा कमी झाली. त्या तीन महिन्यांत मी घरी लिंबू कापताना पण त्या म्हाताऱ्याचा विचार करायचे. आई म्हणायची, हिचं लक्ष कुठे असतं?

परीक्षेला बाहेरच्या हॉस्पिटलातून एक मेट्रन आल्या. मी नेहमीप्रमाणे कॉटवर. मावशीला त्यांनी सांगितलं, पेशंटची डावी बाजू लकव्याने गेलीय, सदरा बदलून दाखवा. नियम सोपा. घालताना आधी लुळा हात, काढताना आधी धड हात. आख्ख्या बॅचमध्ये मावशीएवढं सफाईने कोणी करायचं नाही. मी निवांत डोळे मिटले.

मावशीने सांगितलं, आता सदरा घालते हां. आणि माझा उजवा हात उचलला.

मेट्रन म्हणाल्या, डावा, बाई. मावशी म्हणाली, हां हां, चुकला. सदरा काढला, झटकला, आणि पुन्हा उजवा हात उचलला. इतका अलगद, कोपराखाली तळवा घालून, मनगट सांभाळून. जसा काही तो हात खरंच लुळा आहे. मी कॉटवर पडल्या पडल्या डावा हात हळूच तिच्याकडे सरकवला. मेट्रननी मला दटावलं, पेशंट हलत नाही. तिसऱ्या वेळी मावशीने हात पुढे केले आणि तसेच हवेत धरले. तिचं तिलाच समजेना, कुठला उचलायचा.

मेट्रन चिडल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "बाई, घरी कोणाची उजवी बाजू गेलीय?"

मावशी खाली बघून म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याची."

टिपणीस मॅडमनी आधी मावशीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी छताकडे. पेशंटने बोलायचं नसतं, हा मॅडमचाच नियम.

मावशी नापास झाली. मेट्रन म्हणाल्या, हात फार चांगला आहे, पण तो एकाच माणसावर बसलाय, दुसऱ्याच्या घरी घोटाळा होईल. खोटं नव्हतं ते. बाकीच्यांना सर्टिफिकेटं मिळाली, पेढे वाटले, आणि मावशी कोट घडी करून माझ्या टेबलावर ठेवून निघून गेली. पेढा तिने कागदात बांधून घेतला. मला मॅडमनी एवढंच विचारलं, पत्ता काय? मला वाटलं, आता नोटीस जाणार. मी रात्रभर तळमळले, खोट्या फॉर्मवर अक्षर माझं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मॅडम छत्री घेऊन गोडदेवला, आणि मी मागे मागे. घरात शिरल्या, चपला काढल्या, साबण मागितला, हात धुतले. म्हाताऱ्याला कुशीवर घेतलं आणि पाठ बघत राहिल्या. मावशी भिंतीला लागून उभी, शाळेतल्या पोरीसारखी, पदराचं टोक तोंडात.

"ड्रेसिंग कोण करतं?" मॅडमनी विचारलं. मावशी म्हणाली, मीच, दवाखान्यातल्या डॉक्टरने दाखवलाय तसा. मी वाकून बघितलं. लिंबू नव्हतं. सुपारी होती, तीही कडेने गुलाबी भरत आलेली.

"आणि कूस बदलणं वगैरे? कोणी शिकवलं?"

"तुमीच की," मावशी म्हणाली.

मॅडमनी जरा वेळ चष्मा पुसला. मग म्हणाल्या, टाचेखालची उशी चुकीची ठेवलीयस, आण इकडे. आणि त्या दिवशी दोन तास बसून त्यांनी मावशीला म्हाताऱ्याला उचलून बसवायला शिकवलं. पाय कुठे रोवायचा, कंबरेला पट्टा कसा बांधायचा, वजन पाठीवर न घेता मांड्यांवर कसं घ्यायचं. निघताना म्हणाल्या, मार्क मला देता येत नाहीत, पण मंगळवारी येत जाईन. आणि आल्या. त्या दिवशी परत आल्यावर हॉलच्या जिन्यात माझ्याकडे न बघता म्हणाल्या, उद्यापासून हजेरी एकदाच.

पुढच्या बॅचला परत परीक्षा देता येणार होती. मी मावशीच्या मागे लागले, दे ना, पाठ झालंय तुझं सगळं, फक्त डावा हात. ती बोंबील उन्हात पसरत म्हणाली, "मना एकच पेशंट हाय गो. त्याची तीच बाजू गेलीय."

सहा महिन्यांनी संस्थेने पास झालेल्या बायकांसाठी एक छापील फॉर्म पाठवला. प्रशिक्षणामुळे जीवनमानात काय फरक पडला, आणि खाली चौकोन. उत्पन्न, नोकरी, मुलांचं शिक्षण. मावशी यादीत नव्हतीच, तरी मी एक फॉर्म पर्समध्ये घातला. दोन दिवसांनी मी स्वतःच नर्सिंगला जाणार होते, हॉस्टेलला, आणि निरोप घ्यायला काहीतरी कारण पाहिजे होतं.

मावशीने विचारलं, जीवनमान म्हंजे काय गो? मी सांगायला गेले, म्हणजे बघ, आपण कसं जगतो, खातो-पितो, सुखात आहोत का... ती म्हणाली, लिवू मागना. आधी हात लाव.

म्हातारा आता कॉटशेजारच्या खुर्चीत बसायचा, लुगड्याच्या पट्टीने कंबरेला बांधलेला. जखम पूर्ण भरली होती. पण दारापर्यंत त्याला कधी नेलं नव्हतं, उंबरा उंच आणि मावशी एकटी. तिने एका बाजूने खुर्ची धरली, मी दुसऱ्या. "आता उचलतो हां. आता उंबरा येल. घाबरू नको." एक, दोन, तीन, आणि म्हातारा खुर्चीसकट ओट्यावर.

त्याने बघितलं. समोर पूर्वी मोकळं रान होतं, पार खाडीकडचं आभाळ दिसायचं म्हणे. तिथे आता सात मजली बिल्डिंग. तीन वर्षं त्याने नुसते आवाज ऐकले होते, खडी ओतल्याचे, हातोड्यांचे. मावशीने सांगितलंही होतं. पण बघणं वेगळं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. लकव्याने त्याची जीभ जड झालेली, दिवसातून चार शब्द बोलला तर खूप. बराच वेळ त्याचे ओठ हलत राहिले आणि मग तो म्हणाला, "गाव?"

मावशीने त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"हितंच हाय," ती म्हणाली. "वर गेलाय."

म्हाताऱ्याने मान वर करायला सुरुवात केली. एकेक गॅलरी बघत, कुठे कपडे वाळत घातलेले, कुठे तुळस, कुठे एक बाई डबा उन्हाला ठेवत होती. मान जास्त मागे जायला लागली तशी मावशीने न बघताच तळहात त्याच्या डोक्यामागे लावला. तिच्या हातावर डोकं टेकून तो सातव्या मजल्यापर्यंत बघत गेला.